फुगलेली झाकणं

बरणीचं झाकण जरासं फिरवलं आणि आतून फुस्स करून फेस उसळला, तो थेट पाहुण्याच्या बाहीवर.

पाहुणा म्हणजे बस डेपोतला जुना ड्रायव्हर, थोरलीच्या नोकरीच्या दिवसांपासूनचा ओळखीचा. बायकोला घेऊन पहिल्यांदाच घरी आला होता. "आमच्या झाडाची नासपती खाल्ल्याशिवाय उठायचं नाही," असं बजावून थोरलीने दोघांना बसवलं होतं, ठेवणीतल्या काचेच्या वाट्या काढल्या होत्या, आणि आता त्या बिचाऱ्याच्या पांढऱ्या शर्टावर आंबूस वासाचा ओघळ चालला होता. "असू दे हो, असू दे," म्हणत तो रुमालाने बाही पुसत राहिला. त्याची बायको मोठ्या समजूतदारपणे छताकडे बघत होती. थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाहुण्यांची चहाबिस्किटांवर बोळवण करून ती तडक कोठीच्या खोलीत गेली. फळीवर नासपतीच्या फोडींच्या बरण्या ओळीने उभ्या होत्या. पुढची रांग निर्मळ होती, पाकातली फोडन् फोड दिसावी इतकी. पण मागच्या रांगेत हात घातला तर एका बरणीचं झाकण बशी पालथी घातल्यासारखं वर आलेलं. शेजारचीचा पाक साबणाच्या पाण्यासारखा गढूळ. आणखी एकीच्या कडेने चिकट ओघळ येऊन फळीवर वाळला होता.

खराब व्हायच्या तर सगळ्याच व्हायला हव्या होत्या. फळ एकच, पाक एकच, एकाच पातेल्यात उकळलेल्या बरण्या. मग काही चांगल्या आणि काही नासलेल्या, आणि नासलेल्या नेमक्या मागे, हे कसं?

तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. आणि पाल जिकडे तोंड करून चुकचुकली, तिकडे आवारापलीकडे धाकटीचं घर होतं.

थोरली आणि धाकटी, दोघी जावा. एकाच आवारात दोघींची समोरासमोर घरं आणि मध्ये सासऱ्यांनी लावलेलं नासपतीचं झाड. थोरलीचा नवरा घड्याळजी. रस्त्याकडच्या खोलीत त्याचं दुकान, तिथे तो डोळ्याला भिंग लावून दिवसभर बसलेला असायचा. धाकटीचा नवरा जहाजावर. वर्षातले बरेच महिने तो समुद्रावर आणि उरलेले झोपेत, असं धाकटीच म्हणायची. ती स्वतः घरी बसून दातांच्या कवळ्या करायची. शहरातले दोन-तीन दंतवैद्य तिच्याकडे जबड्याचे साचे पाठवत आणि ती खिडकीखालच्या टेबलावर एकेक दात बसवून, घासून, रंग जुळवून कवळी तयार करून देई.

थोरली निवृत्त होईपर्यंत बसमध्ये तिकीट तपासनीस होती. तिच्या नजरेचा डेपोत दबदबा होता. बसमध्ये पाय ठेवताच तिला कळायचं की कुणाकडे तिकीट नाही. कसं, असं कुणी विचारलं की ती सांगायची, "तिकीट असलेला माणूस खिसे चाचपतो. नसलेला खिडकीबाहेर जरा जास्तच निवांत बघतो." नोकरी सुटली, पण नजर काही सुटली नाही. भाजीवाल्याचा काटा, दूधवाल्याचं माप, डॉक्टरचं बिल, सगळं त्या नजरेखालून जायचं. गेल्या वर्षी घड्याळजीच्या रक्तात साखर निघाली तेव्हा तिने त्याच दिवशी घरातली साखर कुलपात टाकली आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये. घड्याळजी हूं का चूं न करता बिनसाखरेचा चहा प्यायला लागला. "सोडली म्हणजे सोडली," असं तो डॉक्टरसमोर म्हणाला, तेव्हा तिला नवऱ्याचा अभिमानच वाटला होता.

नासपतीचं काम मात्र दोघी जावांचं मिळून. नासपती झाडावर पिकू द्यायची नसते, आतून गाभा सडतो आणि वरून पत्ता लागत नाही. फळ हातात घेऊन हलकेच आडवं उचलायचं. देठ आपसूक सुटला तर ते उतरवायचं, नाही सुटला तर राहू द्यायचं. मग खोक्यांत घालून थंड जागी ठेवायची आणि रोज देठाजवळ अंगठा दाबून बघायचा. अंगठा जरा रुतला की दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. थोरलीच्या स्वयंपाकघरात मोठं पातेलं चढायचं. थोरली फळं सोलायची, दोन भाग करायची, चमच्याने गाभा काढून फोडी लिंबाच्या पाण्यात टाकायची, म्हणजे त्या काळ्या पडत नाहीत. पाक धाकटीचा. बरण्या भरून काठ पुसणं, रबराची कडी बसवणं, झाकण आवळणं आणि बरण्या उकळत्या पाण्यात सोडणं, हेही धाकटीचंच. तिच्या बोटांना मापाची सवय होती.

म्हणजे झाकणं लावली होती धाकटीने.

आणि या वर्षी, नेमकं फळं सोलता सोलताच, दोघींचं वाजलं होतं.

"वहिनी," धाकटी पाक ढवळत म्हणाली होती, "झाडाची ती खालची फांदी छाटूया का? माझ्या टेबलावर उजेडच येत नाही हो. परवा एका बाईंच्या कवळीत एक दात पिवळा गेला."

"फांदी छाटायची? सगळ्यात जास्त फळ त्याच फांदीला येतं."

"फळ काय, दुसऱ्या फांद्यांनाही येतं. पण मला खिडकी एकच आहे."

"मग दिवा लाव की."

"दिव्यात दाताचा रंग खोटा दिसतो."

"मामंजींनी हाताने लावलेलं झाड आहे. मी आहे तोवर त्याला कुऱ्हाड लागणार नाही."

झाकणं आवळताना धाकटीचे ओठही आवळलेले होते. तेव्हा थोरलीला वाटलं होतं, झालं, विषय संपला. आता कोठीच्या खोलीत फुगलेल्या झाकणांसमोर उभं राहून तिला वाटलं, विषय संपला नव्हता, बरणीत भरून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी ती सहज म्हणून धाकटीकडे गेली. कामाशिवाय गेलं तर संशय येईल म्हणून उसनी सुई मागायचं निमित्त काढलं. धाकटी टेबलाशी बसून एका गुलाबी हिरडीवर फुंकर मारत होती. भिंतीवरच्या फळीवर तिच्या वाट्याच्या बरण्या. थोरलीने एकेकीवरून नजर फिरवली. सगळ्या निर्मळ, सगळी झाकणं आत बसलेली.

"काय बघताय, वहिनी?"

"काही नाही. छान राहिल्यात तुझ्या."

"तुमच्या?"

"माझ्याही." थोरलीने धडधडीत खोटं सांगितलं आणि धाकटीचा चेहरा न्याहाळला.

"बरं झालं," धाकटी म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. जरा जास्तच निवांत.

एवढं थोरलीला पुरे झालं. सुई घ्यायची ती विसरूनच गेली.

रात्रीच्या जेवणाला तिने नवऱ्यापुढे सगळा पाढा वाचला. घड्याळजीला जोरात ठसका लागला. पाणी पिऊन तो म्हणाला, "हवेचा परिणाम असेल. या वर्षी दमटपणा फार आहे."

"दमट हवा माझ्याच घरात येते? समोर तिच्याकडे नाही येत?"

"अगं, फळंच ती. जाऊ दे ना. उगाच कुणावर संशय कशाला घ्यायचा?"

"तुम्हाला ती कायमच गरीब गाय वाटते. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे नि खायचे वेगळे असतात, आणि इथे तर दात करणं हाच तिचा धंदा."

घड्याळजी मान खाली घालून भाजी चिवडत राहिला.

त्यानंतर थोरलीला सगळीकडे पुरावेच दिसू लागले. कोठीच्या खोलीची एक किल्ली धाकटीकडे असायची, कारण रिकाम्या बरण्या आणि पातेलं तिथेच ठेवलेलं. म्हणजे आपण बाजारात गेलो की ती सहज आत येऊ शकते. एक दिवस फळीवर पांढरी भुकटी सापडली. साचे करायचं प्लॅस्टर! थोरलीने ती कागदाच्या पुडीत बांधून ठेवली. ती भिंतीच्या चुन्याची आहे, हे कुणीही सांगू शकलं असतं, पण थोरलीने कुणाला विचारलंच नाही. धाकटी आवारात कपडे वाळत घालताना गुणगुणली तरी हिला वाटायचं, आज एवढी खुशीत कशाने? आणि गुणगुणली नाही तर वाटायचं, मन खातंय.

मग एका दुपारी पुढच्या रांगेतलीही एक बरणी फसफसलेली दिसली आणि थोरलीचा संयम सुटला. ती बरणी उचलून ती तशीच आवार ओलांडून गेली आणि धाकटीच्या टेबलावर, कवळ्यांच्या मधोमध, दाणकन ठेवली.

"हे काय आहे?"

धाकटीने झाकणाकडे बघितलं, मग वास घेतला. "आंबलीय. फेकून द्या, वहिनी. खाऊ नका यातलं कुणी."

"का आंबली?"

"झाकण सुटलं असेल."

"झाकण कुणी लावलं होतं?"

धाकटीने हातातली कवळी हळूच खाली ठेवली. "मी लावलं होतं."

"तुझ्या बरण्यांचीही तूच लावलीस. त्या कशा नाही आंबल्या?"

"वहिनी, तुम्हाला म्हणायचंय काय?"

"मला काही म्हणायचं नाही. फांदी छाटू दिली नाही म्हणून कुणाच्या पोटात दुखत असेल तर तोंडावर बोलावं, मागून किल्लीने आत येऊन अन्न नासवू नये."

धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला. आरडाओरडा ऐकून घड्याळजी दुकानातून उठून आला होता. कपाळावर सरकवलेलं भिंग तसंच घेऊन तो दारात उभा होता. धाकटीने त्याच्याकडे बघितलं.

"दादा, तुम्ही तरी सांगा यांना. मी असं करीन का?"

घड्याळजीने तोंड उघडलं. मिटलं. मग म्हणाला, "मी काय सांगणार… दोघी शहाण्या आहात तुम्ही."

धाकटी उठली, खिळ्यावरची किल्ली काढली आणि थोरलीच्या हातात नाही, बरणीच्या झाकणावर ठेवली.

"न्या. आणि ती बरणीही न्या."

आवारात बोलणं बंद झालं. धाकटी कपडे वाळत घालायला थोरली आत गेल्यावर यायची. फाटकाशी समोरासमोर आल्या तर दोघींनाही एकदम काहीतरी आठवायचं आणि दोघी मागे फिरायच्या. घड्याळजी अन्नावर रुसल्यासारखा जेवायचा. थोरलीला वाटलं, भावजयीच्या करणीने बिचाऱ्याला धक्का बसला असेल.

किल्ली परत आली होती, तरी थोरलीचं समाधान होईना. किल्लीवरून किल्ली करायला कितीसा वेळ लागतो? कोपऱ्यावरचा किल्लीवाला बोलता बोलता घासून देतो. तेव्हा तिने खळ शिजवली, जुन्या कागदाच्या पट्ट्या कापल्या आणि प्रत्येक बरणीवर एक पट्टी चिकटवली, झाकणावरून खाली काचेपर्यंत. कुणी झाकण फिरवलं की पट्टी फाटलीच पाहिजे. प्रत्येक पट्टीवर तिने जुन्या सवयीने आपली सही ठोकली. हाताला घाई फार. कुठली पट्टी डावीकडे कललेली, कुठली उजवीकडे, कुठे खळीची गाठ राहिलेली. पण चोर पकडायला पट्टी देखणी कशाला हवी?

पुढचे काही दिवस ती रोज सकाळी आणि बाजारातून आल्यावर पट्ट्या तपासायची. एकही फाटली नाही. थोरलीला जरा हळहळच वाटली.

मग एका सकाळी भाजीची पिशवी न ठेवताच ती कोठीत डोकावली आणि थबकली. एका बरणीचा पाक शेजारच्या बरण्यांपेक्षा फिका दिसत होता. पट्टी मात्र शाबूत. सही तिचीच. तिने बरणी उजेडात नेली, फिरवून बघितली. काहीतरी चुकत होतं आणि काय चुकतंय ते सापडत नव्हतं. तिने शेजारची बरणी उचलली, मग तिच्या शेजारची. आणि एकदम तिच्या लक्षात आलं.

पट्टी सरळ होती.

बाकी सगळ्या पट्ट्या तिच्या हातच्या, वाकड्यातिकड्या. ही एक ओळंब्याने लावल्यासारखी उभी, कडा बसलेल्या, खळीची गाठ नाही, सुरकुती नाही. तिने नाक जवळ नेलं. खळीचा वास नव्हताच. दुसरा वास होता, रोज दुकानाच्या दारातून घरात येणारा. घड्याळाची काच बसवायच्या गोंदाचा.

थोरली भाजीच्या पिशवीवरच मटकन बसली. खालचे टोमॅटो गेले, तेही तिला कळलं नाही.

किती तरी वेळाने ती उठली आणि बरणी घेऊन दुकानात गेली. गिऱ्हाईक नव्हतं. घड्याळजी भिंग लावून एका बायकी घड्याळाच्या पोटात चिमटा घालून बसला होता आणि हळू शीळ घालत होता. थोरलीने बरणी त्याच्यासमोर ठेवली.

"पट्टी सरळ का केलीत?"

"तिरकी होती," तो मान वर न करता म्हणाला.

आणि मग शीळ थांबली. चिमटा थांबला. त्याने सावकाश भिंग काढलं, पण वर बघितलं नाही.

भिंतीवरची दहा-बारा घड्याळं आपापल्या वेळेने टिकटिकत होती.

"कधीपासून?" थोरलीने विचारलं.

"बरण्या भरल्या त्याच आठवड्यात." त्याचा आवाज पार खोल गेला होता. "आधी नुसता चमचाभर पाक घ्यायचो. मग अर्धी वाटी. फोडींना हात लावला नाही मी, तुझ्या लक्षात आलं असतं. पाक प्यायचो आणि थर्मासमधलं गरम पाणी भरून झाकण आवळायचो. झाकण गरम असलं की आत बसतंही पुन्हा. पण आठवड्या-दोन आठवड्यांत…"

"आंबतं. झाकण एकदा उघडल्यावर आंबणारच ते. लहान मुलालाही कळतं."

"हो."

"मी बाजारात गेले की?"

"हो."

"आणि मी साखरेला कुलूप लावून बसले." थोरली हसली, पण ते हसणं ऐकून घड्याळजीने मान आणखी खाली घातली. "काखेत कळसा नि गावाला वळसा. आयुष्यभर लोकांची तिकिटं तपासली, आणि माझ्याच घरात हा प्रवासी बसलाय."

"चुकलं माझं."

"साखरेचं मी डॉक्टरांसमोर बघून घेईन. दुसरं सांगा. ती तुम्हाला म्हणाली, दादा, तुम्ही तरी सांगा. तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"दारात."

"तोंड कुठे होतं?"

घड्याळजीने समोरचं उघडं घड्याळ फडक्याने झाकलं, जणू त्याने तरी हे ऐकू नये.

"मला वाटलं, दोन दिवसांत निवळेल. आज सांगतो, उद्या सांगतो, असं करता करता… जितके दिवस गेले तितकं सांगणं अवघड होत गेलं. भीती वाटली."

"कुणाची? तिची?"

"तुझी," घड्याळजी म्हणाला.

त्याने वर बघितलं तेव्हा त्याचा चेहरा थोरलीला कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला. मग आठवलं. मागच्या सीटवरून उठवून ज्यांना ती सगळ्या बससमोर उभं करायची, त्या माणसांचे चेहरे असे असायचे. चार पैशांच्या तिकिटापायी पार गळून गेलेले. घरी येऊन ती नवऱ्याला ते सांगायची आणि तो हसायचा. आता तिला प्रश्न पडला की तो खरंच हसायचा का.

"उठा," ती जरा मऊ आवाजात म्हणाली. "दुकान बंद करा."

"आत्ता? दुपारी गेलं तर…"

"आत्ता. दुपारपर्यंत तुम्ही परत उद्यावर जाल."

धाकटी दारात आली, दोघांना बघितलं आणि बाजूला झाली. बसा म्हणाली नाही. घड्याळजीने उभ्यानेच सगळं सांगितलं, पाक, थर्मास, वाफेवर अलगद सोडवलेली पट्टी, गोंद, काही मागे ठेवलं नाही. सांगताना तो टेबलावरच्या कवळ्यांकडे बघत होता. धाकटी हात बांधून ऐकत होती.

"साखर किती वाढलीय?" तिने विचारलं.

"तपासली नाही."

"उद्या तपासून घ्या." मग तिचा आवाज बदलला. "दादा, वहिनी मला काहीही बोलल्या तरी मला एवढं लागलं नसतं. त्यांची जीभ मला नवी नाही. पण तुम्हाला माहीत होतं. माहीत असून तुम्ही दारात उभे राहिलात."

घड्याळजीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला काही बोलायला जागा नाही," तो म्हणाला.

"नाहीच आहे."

माफी मागायची थोरलीला सवय नव्हती. डेपोत मागावी लागली नव्हती आणि घरात कुणी मागायला लावली नव्हती. "माझं चुकलं," ती म्हणाली. "चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी. तू मनात ठेवू नकोस. आणि ती फांदी, ती मी उद्याच माणूस बोलावून…"

"नको."

"अगं, पण तुझ्या खिडकीला उजेड…"

"उजेड मला तेव्हा हवा होता. आता फांदी तोडून माफी विकत घेऊ नका, वहिनी. तुम्हाला वाटेल, फिटलं. मला नाही वाटणार."

थोरलीला तोंडात मारल्यासारखं झालं. जुनी थोरली असती तर इथेच दुसरं भांडण उभं राहिलं असतं. पण ती एवढंच म्हणाली, "बरं." आणि दोघं परत आली.

लगेच काही सगळं सुरळीत झालं नाही. तपासणीत साखर भरपूर वाढलेली निघाली, डॉक्टरने घड्याळजीला आणि जाता जाता थोरलीलाही झापलं. नासलेल्या बरण्या थोरलीने खड्ड्यात ओतल्या, चांगल्या उरल्या त्या ड्रायव्हरच्या घरी नवीन शर्टासोबत पोचवल्या. साखरेचं कुलूप तिने काढलं. हे करताना हात जड झाला होता, आणि पहिले काही दिवस डब्यातली साखर किती आहे ते ती चोरून बघायचीच. मग एकदा घड्याळजीने तिला बघताना बघितलं. ती ओशाळली, आणि ते बघणं हळूहळू सुटलं. पूर्ण सुटलं असं ती स्वतःही म्हणायची नाही.

धाकटी विचारलं तेवढं बोलायची. हो, नाही, बरं. घड्याळजी एकदा तिच्या घासायच्या यंत्राची कुरकुर ऐकून न बोलावता गेला आणि ते उघडून, तेल घालून, परत जुळवून आला. धाकटीने त्याला चहा दिला. बिनसाखरेचा. तो घरी येऊन थोरलीला म्हणाला, "चहा दिला तिने," आणि थोरलीने तीन वेळा विचारलं, "आणि काय म्हणाली?" काहीच म्हणाली नव्हती.

वर्ष फिरलं. झाड लगडलं. थोरलीने एकटीने फळं उतरवली, खोक्यांत भरली, रोज अंगठा दाबून बघत राहिली, आणि खिडकीतून समोरच्या दाराकडेही. धाकटी आली नाही. मग एका सकाळी देठाजवळ अंगठा रुतला. आता माणसांचे रुसवे चालतील, फळाला थांबा म्हणता येत नाही.

थोरलीने टोपली कमरेवर घेतली आणि धाकटीच्या दारात जाऊन उभी राहिली.

"मला पाक जमत नाही," ती म्हणाली.

"जमतो तुम्हाला."

"नाही जमत. आणि एकटीने जमवायचाही नाही."

धाकटीने टोपलीकडे बघितलं, एक फळ उचललं, देठाजवळ दाबलं. "आज नाही केलं तर उद्या फेकायच्या होतील या," ती म्हणाली. फळ टोपलीत परत ठेवलं. "माझ्या स्वयंपाकघरात करायचं."

"करू तुझ्या स्वयंपाकघरात."

"आणि मी झाकणं लावत असताना तुम्ही माझ्या हातांकडे बघत बसायचं नाही. मला ते चालणार नाही आता."

"नाही बघत."

थोरली दाराकडे तोंड करून सोलायला बसली. पाठीमागे पाकाला उकळी येत होती, बरण्या एकमेकींना लागून किणकिणत होत्या. मान वळवायची तिला इतकी अनावर इच्छा होत होती की मानेला रग लागली. एकदा तिने वळवलीही, अर्धीच, आणि धाकटी म्हणाली, "वहिनी." थोरली पुन्हा फळाकडे वळली. थोड्या वेळाने मागून आवाज आला, "त्या खुज्या बरण्यांत पाक घालणार नाहीये मी. नुसत्या पाण्यात ठेवतेय, दादांसाठी."

"साखरेशिवाय टिकतील?"

"टिकतात. टिकवतं ते उकळणं आणि झाकण. साखर नुसती चवीला."

थोरलीने यावर विश्वास ठेवायचं ठरवलं. सोपं गेलं नाही, पण ठरवलं.

पुढे काही आठवड्यांनी धाकटीनेच एक खुजी बरणी उघडली आणि घड्याळजीला टेबलाशी बसवून वाटी पुढे केली. झाकण स्वच्छ निघालं होतं, पाणी निर्मळ होतं. दोघी जावा समोर उभ्या राहिल्या. घड्याळजीने एक फोड तोंडात टाकली, चावली, गिळली.

"छान आहे," तो म्हणाला.

"दादा," धाकटी म्हणाली.

घड्याळजीने दोघींकडे आळीपाळीने बघितलं. वाटीकडे बघितलं.

"अगदी बेचव आहे," तो म्हणाला. "ओला कापूस खाल्ल्यासारखी."

धाकटीला आधी हसू फुटलं. मग थोरलीला. घड्याळजी जरा भीत भीत, मग खरोखर हसला आणि दुसरी फोड उचलली.

"लिंबू पिळून देते," थोरली म्हणाली आणि सुरी शोधायला लागली.